भिंतीचा पत्ता : आरन सिस्किंड यांची छायाचित्रे आणि 'आकस्मिक' अमूर्तता

सारांश

जुन्या शहरांतील भिंतींवरचे पोपडे, ओलीचे डाग, फाटलेली भित्तिपत्रके आणि पुसट अक्षरे यांच्या छायाचित्रांना 'आकस्मिक अमूर्त कला' म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकन छायाचित्रकार आरन सिस्किंड (१९०३-१९९१) यांच्या भिंतींच्या छायाचित्रांच्या आधारे या संज्ञेची तपासणी केली आहे. भिंतीवरची आकृती कलावंताच्या हेतूने निर्माण झालेली नसली तरी ती विनाकारण निर्माण झालेली नसते. तिला हवामान, बांधकाम, कायदा आणि माणसांचे व्यवहार अशी ठोस कारणे असतात. ती कारणे चौकटीबाहेर ठेवूनही त्यांच्याकडे परत जाण्याचा मार्ग ज्या छायाचित्रात शिल्लक राहतो, ते छायाचित्र अधिक मोलाचे ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे. या निकषावर मुंबईतील जुन्या भिंतींच्या छायाचित्रणाचाही विचार केला आहे.

बीजशब्द : छायाचित्रण, अमूर्तता, भिंत, झीज, आरन सिस्किंड, गिरणगाव.

प्रस्तावना

पावसाळा सरल्यावर शहरातील एखाद्या जुन्या इमारतीची भिंत न्याहाळली, तर तेथे कोणी चित्र रंगविले असावे असा भास होतो. पाण्याच्या ओघळांनी काळ्या उभ्या रेषा उमटलेल्या असतात. चुन्याचे पापुद्रे सुटून खालचा जुना निळा वा पिवळा रंग डोकावत असतो. कोठे गिलाव्याच्या खिंडारावर सिमेंटचा करडा चौकोन थापलेला असतो, तर कोठे अर्धवट पुसलेली अक्षरे अर्थ हरवून केवळ आकार म्हणून उरलेली असतात. यातील हातभर तुकडा छायाचित्रकाराने चौकटीत घेतला, की पाहणाऱ्याला अमूर्त चित्रकृतीची आठवण होते. इमारत, रस्ता, आकाश, माणसे हे सारे चौकटीबाहेर जाते आणि रंग, पोत, रेषा व अवकाश एवढेच शिल्लक राहते.

अशा छायाचित्रांविषयी दोन प्रकारची मते आढळतात. एका मतानुसार छायाचित्रकार येथे सामान्यांच्या नजरेतून निसटलेले सौंदर्य दाखवून देतो. दुसऱ्या मतानुसार तो पडक्या घरांची आणि तेथील माणसांच्या हालांची शोभेची वस्तू करतो. दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र दोन्ही मते भिंतीवरची आकृती 'आपोआप' निर्माण झाली, हे गृहीत धरतात. या गृहीतकाचीच चिकित्सा आवश्यक आहे. त्यासाठी सिस्किंड यांच्याइतके योग्य उदाहरण क्वचित सापडेल; कारण सामाजिक दस्तऐवजीकरणापासून भिंतीच्या अमूर्ततेपर्यंतचा प्रवास त्यांनी स्वतःच केला होता.

भिंतीत चित्र पाहण्याची परंपरा

भिंतीवरच्या डागांत चित्र शोधण्याची कल्पना छायाचित्रणाहून कितीतरी जुनी आहे. लिओनार्दो दा विंचीने चित्रकलेविषयीच्या आपल्या टिपणांत तरुण चित्रकारांना डागाळलेल्या भिंतींकडे लक्षपूर्वक पाहण्याचा सल्ला दिला होता. अशा भिंतींत डोंगर, नद्या, झाडे, लढाया आणि चेहरे दिसू लागतात व कल्पनाशक्तीला चालना मिळते, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्याही सुमारे चार शतके आधी, सोंग राजवटीच्या काळात, सोंग दी या चिनी चित्रकाराने असाच उपदेश केल्याची नोंद शेन कुओ या विद्वानाच्या ग्रंथात आहे. पडक्या भिंतीवर पांढरे रेशीम पसरावे, त्यातून दिसणाऱ्या उंचसखल भागाकडे सकाळ-संध्याकाळ पाहत राहावे, म्हणजे त्यात पर्वत आणि प्रवाह दिसू लागतील, असा त्याचा आशय होता.

दोन्ही उपदेशांत भिंत हा आरंभबिंदू आहे. भिंतीतून स्फुरलेला डोंगर चित्रकाराने पुढे आपल्या हाताने रंगवायचा असतो आणि चित्र पूर्ण झाल्यावर भिंतीचे काम संपते. छायाचित्रात मात्र भिंत हाच शेवटही असतो. छायाचित्रकार डागाचा डोंगर करीत नाही. डाग डागच राहतो. त्याच्या हाती निवड असते: कोठे उभे राहायचे, कोणत्या प्रकाशाची वाट पाहायची, चौकटीच्या चार कडा कोठे टेकवायच्या. म्हणून अशा छायाचित्राचे मूल्यमापन करताना त्यात काय घेतले याइतकेच त्यातून काय कापले, याचाही विचार करावा लागतो.

झिजेची कारणमीमांसा

भिंतीवरची आकृती कशी घडते, हे थोडक्यात पाहणे उचित ठरेल. विटांच्या आणि चुन्याच्या भिंतीत जमिनीतून किंवा फुटक्या नळातून पाणी चढते. त्या पाण्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागाजवळ येऊन पाणी उडून गेल्यावर स्फटिकरूप होतात. वाढत्या स्फटिकांच्या दाबाने गिलावा आतून सुटतो. यालाच बोलभाषेत भिंतीला लोणा लागला असे म्हणतात. अशा भिंतीवर तेलरंगाचा घट्ट थर दिला, तर ओल आत कोंडते व रंगाचे फुगे येऊन पोपडे निघतात. पोपड्यांच्या कडा किनारपट्टीच्या नकाशासारख्या दिसतात, त्यामागे हा साधा दाब असतो.

ओघळांच्या काळ्या रेषा बहुधा सूक्ष्म शेवाळाच्या असतात. पाणी जेथून नेहमी वाहते तेथेच ते वाढते. त्यामुळे अशी रेषा वस्तुतः गळक्या पन्हळीचा किंवा तुटक्या सज्जाचा आलेख असतो. धुराने भरलेल्या शहरांत हवेतील गंधकाच्या वायूमुळे चुन्याचे रूपांतर जिप्समच्या कवचात होते आणि त्यात काजळी अडकून काळे पटल तयार होते. काँक्रीटमधील सळई गंजली की तिचे आकारमान वाढते, वरचा थर तडकतो आणि तांबूस ओघळ खाली उतरतो.

या निसर्गक्रियेत माणसांचा हात सतत मिसळलेला असतो. कोणी जाहिरात चिकटवतो, कोणी ती फाडतो, कोणी तिच्यावर दुसरी डकवतो. निवडणुकीच्या आधी कार्यकर्ते भिंतीवर चुना फासून ती पक्षासाठी राखून ठेवतात. निवडणूक संपल्यावर तिच्यावर पुन्हा पांढरा हात फिरतो. म्हणजे ज्याला आकस्मिक म्हटले जाते, त्याच्या मुळाशी असंख्य हेतुपूर्ण कृती असतात. त्यांच्यापैकी कोणतीही कृती चित्र काढण्याच्या हेतूने झालेली नसते, एवढ्याच मर्यादित अर्थाने भिंतीवरची आकृती आकस्मिक असते.

हार्लेम ते ग्लॉस्टर

सिस्किंड यांचा जन्म न्यूयॉर्कमध्ये झाला आणि दोन दशकांहून अधिक काळ ते तेथील सार्वजनिक शाळांत इंग्रजी शिकवीत होते. १९३०च्या दशकात ते 'फोटो लीग' या डाव्या विचारांच्या छायाचित्रकार संघटनेत दाखल झाले. कॅमेरा हे सामाजिक परिवर्तनाचे साधन आहे, अशी या संघटनेची धारणा होती. सिस्किंड यांच्या नेतृत्वाखालील गटाने न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांच्या वस्तीचे जे दीर्घ चित्रण केले, ते 'हार्लेम डॉक्युमेंट' या नावाने ओळखले जाते. त्यात कोंदट खोल्या, नृत्यगृहे, रस्त्यावरची मुले आणि प्रार्थनास्थळे आहेत. तेथील भिंती माणसांच्या मागे उभ्या आहेत. त्यांच्यावरचे डाग तेथील जगण्याचा पुरावा म्हणून दिसतात.

मार्थाज व्हिनयार्ड बेटावरील लाकडी घरांच्या रचनेचे त्यांनी केलेले चित्रण संघटनेतील काही सहकाऱ्यांना रुचले नाही. समाजाचा प्रश्न सोडून आकाराच्या सौंदर्याकडे वळणे त्यांना पलायन वाटले. १९४१ मध्ये सिस्किंड फोटो लीगमधून बाहेर पडले. १९४४च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर या मासेमारीच्या गावी त्यांनी टाकून दिलेला हातमोजा, दोराची वेटोळी, फळ्यांवरची खरड अशा क्षुल्लक वस्तूंची छायाचित्रे घेतली. खोली देणारे दूरचे दृश्य त्यांनी काढून टाकले आणि वस्तूला सपाट पार्श्वभूमीवर समोरासमोर उभे केले. पुढच्याच वर्षी 'ड्रामा ऑफ ऑब्जेक्ट्स' या लेखात त्यांनी या परिवर्तनाची मीमांसा केली. त्यानंतर त्यांचे लक्ष वस्तूंवरून भिंतींकडे वळले.

या छायाचित्रांवर अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकलेची नक्कल केल्याचा आरोप सहज सुचतो. कालक्रम पाहता तो टिकत नाही. ज्या फ्रान्झ क्लाइन यांच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांशी सिस्किंड यांच्या भिंतींची तुलना होते, त्यांचे अशा चित्रांचे पहिले एकल प्रदर्शन १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या ईगन गॅलरीत भरले. सिस्किंड यांची छायाचित्रे त्याच गॅलरीत १९४७ मध्येच मांडली गेली होती. १९५९ साली त्यांच्या छायाचित्रांच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ती हॅरॉल्ड रोझेनबर्ग यांनी, म्हणजे 'ॲक्शन पेंटिंग' ही संज्ञा रूढ करणाऱ्या समीक्षकाने. तेव्हा चित्रकार आणि छायाचित्रकार एकाच वातावरणात एकाच प्रकारच्या सपाट पृष्ठभागाकडे वळत होते, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

जेरोम : एका पोपड्याचे वाचन

सिस्किंड यांच्या विख्यात छायाचित्रांत अॅरिझोना राज्यातील जेरोम येथे १९४९ मध्ये घेतलेल्या छायाचित्राचा समावेश होतो. त्यात भिंतीवरील रंगाचे सुटलेले पापुद्रे आहेत, याखेरीज काही नाही. पापुद्र्यांच्या कडा बाहेर वळल्या आहेत, त्यांच्या सावल्या खालच्या थरावर पडल्या आहेत आणि उजेड व काळोख यांची एक तणावपूर्ण जुळणी तयार झाली आहे. मोजमापाला एकही खूण नाही. दृश्य हाताएवढे आहे की दरडीएवढे, हे पाहणाऱ्याला ठरविता येत नाही. रंगाचा अभाव हाही येथे निर्णायक घटक आहे. भिंत पिवळी होती की हिरवी हे कृष्णधवल चित्रात कळत नसल्याने ती वस्तू म्हणून आणखी दूर जाते आणि आकार म्हणून जवळ येते.

या छायाचित्राचे सौंदर्य वादातीत आहे. परंतु त्याच्या शीर्षकात सिस्किंड यांनी केवळ ठिकाण, क्रमांक आणि वर्ष दिले आहे. 'वेदना', 'स्वप्न' किंवा 'रचना' असे भावसूचक नाव त्यांनी दिले नाही. जेरोम हे तांब्याच्या खाणीवर उभे राहिलेले गाव होते. कधीकाळी हजारोंची वस्ती असलेल्या या गावाला १९४९ पर्यंत उतरती कळा लागली होती. १९५३ मध्ये खाण बंद झाली आणि गाव जवळजवळ ओसाड पडले. ज्या गावातून माणसे जाऊ लागतात, तेथे भिंतींना नवा हात देणारे कोणी उरत नाही. हे ठाऊक झाल्यावर चित्रातील पापुद्र्यांचा आकार बदलत नाही, परंतु त्यांचे वजन बदलते. बाहेर वळलेल्या कडांत गाव सोडून जाण्याची क्रिया दिसू लागते.

येथे असा आक्षेप संभवतो की शीर्षक हा चित्राचा भाग नाही. चित्राचे मूल्य चित्रातच शोधले पाहिजे. स्वतः सिस्किंड यांचाही कल या बाजूचा होता. छायाचित्र ही एक नवी, स्वयंपूर्ण वस्तू आहे, अशीच त्यांची भूमिका होती. तरीही त्यांनी ठिकाणाची नावे कायम ठेवली, ही बाब नजरेआड करता येत नाही. फोटो लीगच्या शिस्तीचा हा अवशेष म्हणता येईल. दस्तऐवजाच्या परंपरेतून बाहेर पडताना त्यांनी माणसे सोडली, खोली सोडली, रंग तर नव्हताच. पत्ता मात्र त्यांना सोडवला नाही. शीर्षकामुळे चित्र सुंदर होत नाही हे खरेच आहे. परंतु चित्राकडून भिंतीकडे परत जाता येईल की नाही, हे शीर्षकावरून ठरते.

लिमा : आदरांजलीची मर्यादा

१९७०च्या दशकात सिस्किंड यांनी 'क्लाइन यांस आदरांजली' या अर्थाच्या शीर्षकाची मालिका केली. १९६२ मध्ये निधन पावलेल्या आपल्या चित्रकार मित्राचे स्मरण त्यांनी लिमा, रोम आणि मेक्सिकोतील हालापा येथील भिंतींवर शोधले. अनामिक हातांनी मारलेले रंगाचे जाड फटकारे चौकटीत असे बसविले आहेत की क्लाइन यांची चित्रेच समोर यावीत. दृश्यपरिणाम विलक्षण आहे आणि सिस्किंड यांच्या नजरेची तयारी येथे पराकोटीला पोहोचलेली दिसते.

तथापि मालिकेचे नावच येथे अडचणीचे ठरते. क्लाइन यांचे आवेगी भासणारे फटकारे पुष्कळदा लहान रेखाटनांवरून मोठे केलेले असत. टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांवर केलेल्या अशा अभ्यासचित्रांची नोंद कलेतिहासात आहे. म्हणजे चित्रकाराचा उत्स्फूर्त वाटणारा हात योजनाबद्ध होता. याउलट भिंतीवर फटकारा मारणारा माणूस काहीतरी लिहीत असतो किंवा कोणी लिहिलेले झाकत असतो, आणि हे काम तो बहुधा घाईत करतो. लिमामधील छायाचित्रे १९७५ सालची आहेत. पेरूमध्ये तेव्हा लष्करी राजवट होती आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका सेनाधिकाऱ्याला हटवून दुसरा सत्तेवर आला. अशा काळात सार्वजनिक भिंतीवरचा फटकारा ही निरागस खूण मानता येत नाही.

जेरोमच्या छायाचित्रात पत्ता पाहणाऱ्याला भिंतीकडे नेतो. लिमाच्या छायाचित्रांत पत्ता असूनही आदरांजलीचे शब्द त्याला न्यूयॉर्कच्या चित्रदालनाकडे वळवतात. अनामिक माणसाच्या हाताचे श्रेय नामवंत चित्रकाराच्या खात्यावर जमा होते. आकाराच्या दृष्टीने ही मालिका अधिक प्रगल्भ असली, तरी अर्थाच्या दृष्टीने ती जेरोमहून उणी पडते. 'अमक्या चित्रकारासारखे दिसते' ही भिंतीच्या छायाचित्राची सर्वांत सोपी स्तुती आहे. ती स्वीकारताना भिंतीचे स्वतःचे म्हणणे गमावले जाते.

दोन समांतर वाटा

सिस्किंड यांच्या पद्धतीचे वेगळेपण दोन समकालीन उदाहरणांशी तुलना केल्यास स्पष्ट होते. ब्रासाय (१८९९-१९८४) यांनी १९३०च्या दशकापासून पॅरिसच्या भिंतींवर कोरलेल्या खुणांची छायाचित्रे घेतली. त्यांतील काही १९३३ मध्ये 'मिनोतोर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले. बदामाच्या आकाराची हृदये, दोन खड्ड्यांचे डोळे असलेले चेहरे, कवट्या, बाण अशा या खुणा आहेत. ब्रासाय भिंतींची ठिकाणे वहीत टिपून ठेवीत आणि काही वर्षांनी तेथे परत जाऊन खूण कशी बदलली ते पाहत. त्यांच्या दृष्टीने भिंत हे लिहिणाऱ्या हाताचे माध्यम होते. तो हात कोणाचा हे अज्ञात असले, तरी तो होता याचे विस्मरण छायाचित्र होऊ देत नाही.

झाक व्हिलेग्ले (१९२६-२०२२) यांनी कॅमेराही बाजूला ठेवला. १९४९ पासून रेमाँ एन्स यांच्यासह आणि पुढे स्वतंत्रपणे त्यांनी पॅरिसच्या भिंतींवरील फाटक्या भित्तिपत्रकांचे थरच उचलून आणले आणि ते कॅनव्हासवर चिकटवून कलाकृती म्हणून मांडले. खरा कर्ता पत्रके फाडणारा अनामिक वाटसरू आहे, अशी त्यांची भूमिका होती. म्हणूनच त्यांच्या अनेक कलाकृतींचे शीर्षक म्हणजे पत्रके जेथून उचलली त्या रस्त्याचे नाव आणि दिनांक एवढेच असते. भिन्न माध्यमांत काम करणारे हे तिघे कलावंत एकाच निर्णयावर आले, ही गोष्ट बोलकी आहे. भिंतीच्या तुकड्याला कलाकृती करताना तो तुकडा कोठला हे सांगण्याची गरज तिघांनाही भासली.

मुंबईची भिंत

मराठी वाचकाला पोपडे निघालेली भिंत पाहून क्लाइनपेक्षा वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) आठवण्याचा संभव अधिक. नागपूरला जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या चित्रकाराने रोलर आणि रंगसुरी यांच्या साहाय्याने रंगाचे थर चढविण्याची व काढण्याची पद्धत विकसित केली. आपल्या चित्रांना ते अमूर्त न म्हणता वस्तुनिरपेक्ष म्हणत. थर देणे आणि थर उतरविणे हीच भिंतीच्या झिजेचीही प्रक्रिया असल्याने साम्य वरवरचे नाही. परंतु गायतोंडे कोठे थांबायचे ते ठरवीत, भिंत थांबत नाही. तिला थांबवतो तो छायाचित्रकार, तेही एका क्षणापुरते. शिवाय वस्तुनिरपेक्षता ही चित्रकाराने कमावलेली अवस्था आहे. भिंतीच्या छायाचित्राला ती उसनी देता येत नाही, कारण छायाचित्र नेहमीच कोणत्या तरी वस्तूचे असते.

ती वस्तू मुंबईत कशी घडली, हे पाहणे उद्बोधक आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूला त्यामुळे संरक्षण मिळाले. मात्र दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेनासा झाल्यावर मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. परिस्थिती इतकी बिकट झाली की १९६९च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ निर्माण करावे लागले. नवा भाडेनियंत्रण कायदा २००० साली अमलात आला. दरवर्षी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या शहरात अर्धशतकभर भिंतींची अशी आबाळ झाली. चाळीच्या भिंतीवरचा काळा ओघळ हा म्हणूनच पावसाइतकाच कायद्याचाही हस्ताक्षर-नमुना आहे. छायाचित्रकाराला जो डाग बाहेरून रचनेसारखा दिसतो, त्याच्या आतल्या बाजूला पावसाळ्यात बादली लावून बसलेले कुटुंब असते.

गिरण्यांच्या भिंतींची कथा याहून वेगळी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी होते. त्या काळात गिरणगावच्या भिंतींवर घोषणा लिहिल्या गेल्या, पुसल्या गेल्या, पुन्हा लिहिल्या गेल्या. पुढे गिरण्या बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या आणि अनेक भिंतीही उरल्या नाहीत. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींचाही पुनर्विकास आता सुरू आहे. अशा वेळी भिंतीचे छायाचित्र हा पुष्कळदा भिंतीचा एकमेव अवशेष ठरतो. ते 'पोत, क्रमांक तीन' किंवा 'शीर्षकविरहित' या नावाने साठविले गेले, तर एक सुंदर आकृती उरते; त्याखाली गल्लीचे नाव आणि वर्ष असेल, तर तीच आकृती शहराच्या इतिहासाचे पान होते. आकृतीच्या सौंदर्यात या नोंदीने काडीचीही घट होत नाही.

या संदर्भात ज्योती भट्ट (जन्म १९३४) यांच्या कार्याचा उल्लेख आवश्यक वाटतो. स्वतः चित्रकार व मुद्राचित्रकार असलेल्या भट्ट यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ग्रामीण भारतातील भिंतींवरील व अंगणातील लोककलांची छायाचित्रे घेतली. तेथील भिंतींवर चित्र हेतुपूर्वक काढलेले असते, त्यामुळे तो विषय भिन्न आहे. तरीही त्यांच्या छायाचित्रांत चित्र, ते काढणारी स्त्री आणि तिचे घर अनेकदा एकत्र दिसतात. चौकट थोडी सैल ठेवल्याने कलेची हानी होत नाही, हे त्यांच्या कामातून शिकता येते.

मोबाईलमधील कॅमेऱ्याने भिंतीचे छायाचित्र घेणे आता अत्यंत सुलभ झाले आहे. सिस्किंड यांना जड कॅमेरा तिकाटण्यावर लावून एका दृश्यापुढे बराच वेळ थांबावे लागे. आज चालता चालता दहा पोपडे टिपता येतात. परिणामी सरावलेल्या डोळ्यांची संख्या वाढली, पण त्याबरोबर एक साचाही तयार झाला आहे. गंजलेले दार, निळा चुना, फाटका कागद यांची तीच ती मांडणी सर्वत्र दिसते. शहरे वेगळी असूनही चित्रे एकसारखी दिसतात. यामागे कल्पकतेचा अभाव असण्यापेक्षा चौकशीचा अभाव अधिक आहे. भिंत अशी का झाली, हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याला दोन भिंतींतील फरकही दिसत नाही. मुंबईचा ओघळ आणि वाळवंटी जेरोमचा कोरडा पापुद्रा यांच्या रेषाच भिन्न आहेत. कारण एकीला पाण्याने घडविले आणि दुसरीला उन्हाने व ओसाडपणाने. कारणांची जाण ही अशा रीतीने आकाराची जाणही सूक्ष्म करते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, भिंतीवरील अमूर्तता केवळ कलाहेतूच्या अभावापुरतीच आकस्मिक आहे. तिच्यामागची नैसर्गिक, आर्थिक आणि राजकीय कारणे शोधता येतात. दुसरी, छायाचित्रकाराचे कर्तृत्व कापण्यात आहे आणि कापण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच येते. तिसरी, सिस्किंड यांनी दस्तऐवज सोडून अमूर्तता स्वीकारली हे प्रचलित मत अपुरे आहे. ठिकाण आणि वर्ष जपून त्यांनी दस्तऐवजाचा एक धागा हाती ठेवला होता. जेरोमच्या छायाचित्रात तो धागा ताणलेला आहे, लिमाच्या मालिकेत सैल पडला आहे.

भिंतीचे सौंदर्य पाहणे हा गुन्हा नाही. त्या सौंदर्याने माणसाला थांबविले नसते, तर त्या भिंतीकडे कोणी पाहिलेही नसते. मात्र थांबल्यानंतर पाहणाऱ्याने एक पाऊल मागे येऊन दारावरचा क्रमांक वाचावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. ज्या शहरात भिंती झपाट्याने नाहीशा होत आहेत, तेथे छायाचित्राखाली लिहिलेली पत्त्याची एक ओळ ही त्या भिंतीच्या आत राहिलेल्या माणसांची शेवटची नोंद असू शकते.